सुटकेनंतरची शिक्षा

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



तुरुंगाचे दार पाठीमागे बंद झाले की माणसाची शिक्षा संपली, अशी सर्वसाधारण समजूत असते. कायद्याच्या पुस्तकात मात्र शिक्षेला शेपूट असते, आणि पुष्कळदा ते शेपूट धडापेक्षा लांब भरते. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांत या शेपटाला 'देखरेखीखालील सुटका' असे नाव आहे. १ नोव्हेंबर १९८७ रोजी व त्यानंतर घडलेल्या गुन्ह्यांना ही व्यवस्था लागू होते. शिक्षा सुनावतानाच न्यायाधीश दोन आकडे सांगतो : इतके महिने तुरुंगवास, आणि तो भोगून झाल्यावर इतकी वर्षे देखरेख. या दुसऱ्या आकड्याखाली आज तेथे एक लाखाहून अधिक माणसे दिवस काढीत आहेत. घटक राज्यांतील पॅरोल व प्रोबेशन हिशेबात धरले, तर २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत तुरुंगाबाहेर राहून सरकारी देखरेखीत असलेल्यांची संख्या सुमारे ३७ लाख होती.

परदेशातील या नियमांचा खल आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असे कोणी विचारील. हाच माल आता आपल्या बाजारात येऊ घातला आहे, पायाला बांधायच्या यंत्रासकट, हे त्याचे कारण. माल घेण्यापूर्वी तो जेथे चाळीस वर्षे वापरला गेला तेथे त्याचे काय झाले, हे पाहून घेणे शहाणपणाचे.

आरंभी एका शब्दाचा घोळ निस्तरला पाहिजे. महाराष्ट्रात 'पॅरोल' म्हटले की अभिवचन रजा डोळ्यांसमोर येते. घरात मृत्यू झाला, बायको आजारी पडली, मुलीचे लग्न निघाले, की कैद्याला काही दिवस सोडतात आणि मुदत भरली की तो परत येतो. संचित रजा निराळी. ती ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळते. या दोन्ही रजाच. अमेरिकेतील पॅरोल ही रजा नव्हे. शिक्षेचा काही भाग आत भोगून झाला की उरलेला भाग अटींवर बाहेर राहून भोगायचा, असा तिचा अर्थ. अटी मोडल्या तर उरलेल्या शिक्षेसाठी माणूस पुन्हा आत. या कल्पनेचा उगम जुना आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस नॉरफोक बेटावर १८४० च्या सुमारास अलेक्झांडर मॅकोनकी या अधिकाऱ्याने कैद्यांना कामाचे व वर्तनाचे गुण देऊन त्या गुणांवर मोकळीक मिळवू देण्याची रीत घातली. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टनने ती वाढवली. न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे १८७६ मध्ये निघालेल्या सुधारगृहाने ती अमेरिकेत नेली. 'रजेचे तिकीट' हा शब्द त्याच घराण्यातला. अंदमानात पाठवलेल्या आपल्या कैद्यांनाही काही वर्षांनी असे तिकीट मिळत असे आणि ते बेटावरच स्वतःच्या कष्टावर पोट भरीत. संघीय तुरुंगांसाठी अमेरिकेने पॅरोलचा कायदा केला १९१० मध्ये.

हा पॅरोल मोडीत कसा निघाला, ही हकीकत डाव्या चळवळीतील माणसांनी जरा लक्ष देऊन ऐकण्यासारखी आहे. कारण त्यावर पहिला घाव डाव्यांनीच घातला होता. पॅरोल मंडळापुढे कैद्याला चार-दोन मिनिटे उभे करीत, नकाराचे कारण सांगत नसत, आणि काळ्या कैद्याला व गोऱ्या कैद्याला एकच माप लागत नसे. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील अ‍ॅटिका तुरुंगात बंड झाले. त्या कैद्यांच्या मागण्यांत पॅरोलच्या कारभाराची सुधारणा ही एक मागणी होती. त्याच वर्षी क्वेकर पंथीयांच्या सेवा समितीने आपल्या अहवालात असे मांडले, की 'सुधारणे'च्या नावाखाली शिक्षेची मुदत अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडणे हा गरिबावरचा जुलूम आहे. मार्विन फ्रँकेल या संघीय न्यायाधीशाने १९७३ मध्ये पुस्तक लिहून न्यायाधीशांच्या मनमानीवर बोट ठेवले. पुढच्या वर्षी रॉबर्ट मार्टिन्सन या समाजशास्त्रज्ञाचा गाजलेला लेख आला. कैद्यांना सुधारण्याच्या कार्यक्रमांतून, थोडे अपवाद वगळता, फारसे काही निष्पन्न होत नाही, असा त्याचा सूर. मार्टिन्सनने १९७९ मध्ये आपला निष्कर्ष बराचसा मागे घेतला. पण तोवर गाडी स्थानकाबाहेर पडली होती. मेन राज्याने १९७६ मध्येच पॅरोल रद्द केला होता. उजव्यांचा पॅरोलवरील राग अगदी वेगळ्या कारणासाठी होता. गुन्हेगार लवकर सुटतात, एवढीच त्यांची तक्रार. एडवर्ड केनेडी आणि स्ट्रॉम थर्मंड ही दोन टोकांची नावे एकाच विधेयकाच्या पाठीशी उभी राहिली आणि ऑक्टोबर १९८४ मध्ये अध्यक्ष रेगन यांच्या सहीने शिक्षासुधारणेचा कायदा झाला. मर्जी गेली पाहिजे हे डाव्यांचे म्हणणे, आणि माणूस आत जास्त दिवस राहिला पाहिजे हे उजव्यांचे. दोन्ही मागण्या एकाच कायद्यात बसल्या खऱ्या, पण पुढच्या दहा वर्षांत वजन कोणत्या पारड्यात पडत गेले, ते पाहण्यासारखे आहे.

१९८४ च्या मूळ योजनेत देखरेखीचा हेतू मदतीचा होता. सिनेटच्या समितीने आपल्या अहवालात तसे स्पष्ट लिहिले होते. दीर्घ शिक्षा भोगून बाहेर पडणाऱ्याला समाजात पाय रोवता यावेत. थोडी शिक्षा झालेल्याला शिक्षण-प्रशिक्षणाची गरज असेल तर ती भागवावी. ज्याला गरज नाही त्याच्यावर देखरेख लादण्याचे प्रयोजन नव्हते. विशेष म्हणजे अट मोडली म्हणून माणसाला थेट तुरुंगात परत धाडण्याचे कलमच मूळ कायद्यात नव्हते. तो न्यायालयाचा अवमान समजावा, एवढीच तरतूद होती. हा कायदा अमलात येण्यापूर्वीच, १९८६ मध्ये, अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेच्या भरात परत तुरुंगात धाडण्याचे कलम घालण्यात आले. १९८८ मध्ये अमली पदार्थ जवळ सापडल्यास देखरेख रद्द करणे न्यायाधीशावर सक्तीचे केले. १९९४ मध्ये त्यात बंदूक बाळगणे आणि लघवीची तपासणी नाकारणे यांची भर पडली. शिवाय रद्द झालेली देखरेख, पुन्हा तुरुंगवास भोगून झाल्यावर, नव्याने लादण्याची मुभा न्यायाधीशाला मिळाली. मदतीची योजना दहा वर्षांत सापळ्याची योजना झाली, आणि प्रस्तावनेतील हेतूच्या भाषेला कोणी हातसुद्धा लावला नाही.

आता थोडे गणित. मध्यम प्रतीच्या एखाद्या गुन्ह्यासाठी एका माणसाला पाच वर्षांची, म्हणजे साठ महिन्यांची शिक्षा झाली, असे धरू. जुन्या पद्धतीत एक-तृतीयांश शिक्षा भोगल्यावर, म्हणजे वीस महिन्यांनी, तो पॅरोलला पात्र होई. पॅरोल मिळाला तर उरलेले चाळीस महिने तो बाहेर काढी. अटी मोडून तो परत आत गेला तरी आत काढायचे त्याचे एकूण महिने साठच्या वर सर्वसाधारणपणे जात नसत. शिक्षा हे भांडवल ठरलेले. त्यातले किती आत खर्ची पडायचे आणि किती बाहेर, एवढाच प्रश्न. नव्या पद्धतीत चांगल्या वर्तनाबद्दल शिक्षेच्या दर वर्षामागे जास्तीत जास्त ५४ दिवसांची सूट मिळते. पाच वर्षांना २७० दिवस. म्हणजे तो सुमारे एक्कावन्न महिने आत काढतो. मग त्याची देखरेख सुरू होते. अशा गुन्ह्याला ती तीन वर्षांपर्यंत असते. एक्कावन्न अधिक छत्तीस, सत्त्याऐंशी महिने झाले. समजा, अडीच वर्षे त्याने अटी बिनबोभाट पाळल्या आणि एकतिसाव्या महिन्यात त्याचा पाय घसरला. न्यायाधीश त्याला दोन वर्षांपर्यंत परत तुरुंगात धाडू शकतो. बाहेर नीट वागून काढलेल्या तीस महिन्यांची वजावट त्याला मिळत नाही. ती दोन वर्षे भोगून झाली की आणखी एक वर्षाची देखरेख लादता येते. आता बेरीज : एक्कावन्न, तीस, चोवीस आणि बारा, म्हणजे एकशे सतरा महिने. पाच वर्षांच्या शिक्षेचे पावणेदहा वर्षे झाले. त्यातले तुरुंगात काढायचे महिनेच, दुसऱ्या खेपेची सूट न धरता, पंचाहत्तर होतात. मूळ शिक्षेहून पंधरा अधिक. सावकाराच्या वहीत हप्ते भरूनही मुद्दल जागच्या जागी राहते, हे ज्यांनी खेड्यात पाहिले आहे त्यांना या हिशेबाचे नवल वाटणार नाही. हे उदाहरण बेताच्या गुन्ह्याचे आहे. मोठ्या अमली पदार्थांच्या गुन्ह्यांना देखरेख किमान पाच वर्षांची असते, आणि काही गुन्ह्यांना ती जन्मभराचीही लावता येते.

अटी पाहू. काही कायद्यानेच सक्तीच्या आहेत : नवा गुन्हा करायचा नाही, अमली पदार्थ जवळ बाळगायचा नाही, सुटल्यापासून पंधरा दिवसांच्या आत एक तपासणी व पुढे किमान दोन, नुकसानभरपाईचा हुकूम असेल तर ती भरायची. याशिवाय निकालपत्राबरोबर छापील स्वरूपात येणाऱ्या प्रघाताच्या अटी आहेत. सुटल्यावर ७२ तासांत परिवीक्षा अधिकाऱ्यापुढे हजर व्हायचे. त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर परवानगीवाचून जायचे नाही. घर बदलायचे झाल्यास दहा दिवस आधी कळवायचे. अधिकारी घरी वा अन्यत्र केव्हाही भेटीस येईल, त्याला येऊ द्यायचे. पोलिसांनी नुसती विचारपूस केली तरी ७२ तासांत कळवायचे. आठवड्याला किमान तीस तास काम करायचे, काम नसेल तर शोधायचे. गंभीर गुन्ह्यात शिक्षा झालेल्या कोणाशीही परवानगीशिवाय संबंध ठेवायचा नाही.

एकेक अट वाचली तर तीत भयंकर असे काही दिसत नाही, आणि खरी मेख तेथेच आहे. या अटी लिहिणाऱ्याच्या मनात एक विशिष्ट माणूस आहे. त्याला स्वतःचे घर आहे, मोटार आहे, टेलिफोन आहे, महिन्याच्या पगाराची नोकरी आहे आणि अर्धा दिवस रजा मागितली तर देणारा मालक आहे. तुरुंगातून सुटणाऱ्या माणसापाशी यांतले बहुधा काहीच नसते. तपासणी कोणत्या दिवशी हे आधी कळत नाही. पुष्कळ ठिकाणी त्याने रोज एका क्रमांकावर फोन करायचा. त्या दिवशी त्याच्या गटाची पाळी निघाली की काम टाकून तपासणीला जायचे. मांस कापण्याच्या कारखान्यात किंवा गोदामात तासावर राबणारा माणूस महिन्यातून तीनदा असा उठून गेला तर चौथ्यांदा त्याला उठावे लागत नाही. काम आपोआप सुटते. काम सुटले की तीस तासांची अट डोक्यावर बसते. एक अट पाळताना दुसरी मोडावी, अशी ही रचना आहे.

या तीस तासांच्या अटीपाशी अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने थोडे थांबले पाहिजे. रोजगार किती निर्माण व्हावा हे सुटून आलेल्या कैद्याच्या हाती नसते. ते मागणीवर, भांडवल गुंतवणाऱ्यांच्या मर्जीवर आणि सरकारच्या धोरणावर ठरते. मंदीच्या वर्षी निर्दोष चारित्र्याच्या कामगारालाही काम मिळत नाही. मग ज्याच्या अर्जावर 'गुन्हा सिद्ध झाला आहे काय?' या रकान्यात 'होय' लिहिलेले असते त्याची काय कथा? महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा केला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन त्याने सरकारवर घातले. त्या कायद्याच्या अंमलबजावणीत उणिवा पुष्कळ निघाल्या, पण बंधनाची दिशा बरोबर होती. अमेरिकेतील अट ही उलटी रोजगार हमी होय. काम देण्याची जबाबदारी कोणावरच नाही. काम मिळवण्याची जबाबदारी मात्र बाजारात ज्याची पत सर्वांत कमी त्याच्यावर. कामातून सवलत देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे, हे खरे. पण मग ज्या मर्जीवर एवढे काहूर उठले होते ती मर्जीच मागच्या दाराने परत आली.

संबंधांच्या अटीचेही तसेच. सुखवस्तू उपनगरातील माणसाच्या ओळखीपाळखीत शिक्षा झालेला एखादाच असेल. शिकागो किंवा बाल्टिमोर येथील गरीब काळ्या वस्तीत तो भाऊ असतो, मेहुणा असतो, शेजारी असतो आणि चर्चमध्ये शेजारच्या बाकावर बसणारा असतो. सुटून आलेल्याला आसरा देणारी माणसे नेमकी हीच. दारू सोडवणाऱ्या मंडळात, नोकरीचा पत्ता सांगणाऱ्या मित्रांत, ज्याने स्वतः शिक्षा भोगली आहे त्याचाच शब्द उपयोगी पडतो. अशा प्रत्येक गाठीभेटीसाठी परवानगी मागत फिरायचे, म्हणजे आधार तोडून स्वावलंबनाचा उपदेश करण्यासारखे आहे.

परिवीक्षा अधिकाऱ्याला खलपुरुष ठरवण्याचे कारण नाही. त्यांतले कित्येक समाजकार्याचे शिक्षण घेऊन आलेले असतात आणि नोकरी लावून देण्यासाठी, व्यसनमुक्तीच्या केंद्रात जागा मिळवण्यासाठी खटपट करतात. पण एकाच माणसाला सल्लागारही व्हायचे असते आणि पहारेकरीही. 'काल रात्री पुन्हा घेतली', असे ज्याला मोकळेपणाने सांगावे त्याच्याच अहवालावर तुरुंगाचा रस्ता सुरू होतो. अशा ठिकाणी खरे कोण बोलणार? आणि खोटे बोलणे हा पुन्हा अटीचा भंग.

पैशाच्या बाबतीत अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९८३ मध्ये आलेला बेअर्डन खटला ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तो देखरेखीखालील सुटकेचा नव्हे, जॉर्जिया राज्यातील प्रोबेशनचा. पण प्रश्न तोच. चोरीच्या प्रकरणात एका मनुष्याला तुरुंगाऐवजी प्रोबेशन मिळाले आणि ५०० डॉलर दंड व २५० डॉलर भरपाई भरण्याचा हुकूम झाला. शंभर त्याच दिवशी, शंभर दुसऱ्या दिवशी, बाकी चार महिन्यांत. पहिले दोनशे त्याने आईबापांकडून उसने घेऊन भरले. महिनाभराने कारखान्याने त्याला कामावरून कमी केले. नववीपर्यंत शाळेत जाऊनही त्याला वाचता येत नव्हते. शोधून दुसरे काम मिळाले नाही. हप्ता चुकणार हे त्याने आधी कार्यालयात कळवलेसुद्धा. तरी प्रोबेशन रद्द होऊन तो तुरुंगात गेला. सर्वोच्च न्यायालयाने हा हुकूम फिरवला आणि दंडक घालून दिला : पैसे का भरले नाहीत याची चौकशी केल्यावाचून, आणि प्रामाणिक खटपट करूनही ज्याला ते जमले नाही त्याच्या बाबतीत दुसरे उपाय पाहिल्यावाचून, त्याला तुरुंगात टाकता येणार नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयात १९७८ मध्ये मोतीराम खटल्यात न्या. कृष्ण अय्यर यांनी याच जातीचा विचार मांडला होता. तेथे एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागितला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याचा जामीन नाकारला होता. निकाल दोन्हीकडे उत्तम आहेत. तरी अमेरिकेतील अनेक राज्यांत देखरेखीखालच्या माणसाकडून देखरेखीचीच मासिक फी वसूल होत आली, आणि आपल्याकडे जामीनदाराअभावी सुटकेचा हुकूम हातात असलेली माणसे आतच बसलेली असतात.

देखरेख ही शिक्षा आहे की नाही? प्रश्न शाब्दिक वाटेल, पण सगळे त्यावर अवलंबून आहे. २००० सालच्या मार्च महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने एक खटला निकालात काढला. त्यातील कैद्याची काही दोषसिद्धी मागाहून रद्द झाली होती. हिशेब केल्यावर निघाले की तो अडीच वर्षे फुकट तुरुंगात राहिला. त्याने मागितले एवढेच की, निदान पुढच्या तीन वर्षांच्या देखरेखीतून ती अडीच वर्षे वळती करून द्या. न्यायालयाने एकमताने नकार दिला. तुरुंगवास आणि देखरेख यांचे हेतू भिन्न आहेत, देखरेख ही समाजात परतण्याच्या मदतीसाठी आहे, तेव्हा एकाची बाकी दुसऱ्यात वळती होऊ शकत नाही. फार तर त्याने देखरेख लवकर संपवण्याचा अर्ज करावा. याच वर्षीच्या मे महिन्यात त्याच न्यायालयापुढे दुसरा खटला आला. देखरेखीच्या अटी मोडल्याबद्दल माणसाला पुन्हा तुरुंगात टाकले, ही नव्या कृत्याची नवी शिक्षा की जुनीच? नवी म्हटली तर नव्या खटल्याची, पुराव्याची, ज्यूरीची सगळी बंधने पाळावी लागणार. न्यायालय म्हणाले, ती मूळ गुन्ह्याच्याच शिक्षेचा भाग समजावी. योगायोग असा, की दोन्ही खटल्यांतील मनुष्यांचे आडनाव जॉन्सनच होते. माणूस सरकारकडे बाकी मागायला गेला तेव्हा देखरेख ही शिक्षा नव्हती. सरकार माणसाकडे वसुलीला गेले तेव्हा ती शिक्षेचाच भाग ठरली. कोणत्याही पेढीवर असा जमाखर्च मांडणाऱ्या कारकुनाला दुसऱ्या दिवशी घरी बसवले असते.

या दुहेरी खात्याचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे. अटी मोडल्याचा आरोप ऐकताना ज्यूरी नसते. एकटा न्यायाधीश निर्णय देतो. गुन्हा निःसंशय सिद्ध होण्याची गरज नसते. आरोप खरा असण्याचा संभव खोटेपणाहून अधिक दिसला की पुरे. वकील मिळतो, साक्षीपुरावा देता येतो. १९७२ च्या मॉरिसी निकालाने पॅरोलवरील माणसाला जे किमान संरक्षण दिले ते येथेही लागू आहे. तरी ज्या कृत्यावरून फौजदारी खटला उभा राहू शकला नसता त्याच कृत्यावरून माणूस दोन वर्षे आत जाऊ शकतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाचास चार मतांनी एका टोकाच्या कलमाला आळा घातला. त्या कलमाने काही विशिष्ट गुन्ह्यांच्या बाबतीत, ज्यूरीवाचूनच, किमान पाच वर्षांचा नवा तुरुंगवास सक्तीचा केला होता. जून २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. देखरेख रद्द करताना न्यायाधीशाने मूळ गुन्ह्याचा सूड उगवण्याचा विचार करता कामा नये, कारण रद्द करण्याच्या कलमात तो हेतू संसदेने मुद्दाम गाळला आहे, असे सात विरुद्ध दोन मतांनी ठरले. एप्रिल २०२५ मध्ये शिक्षा आयोगानेही मार्गदर्शक सूत्रे बदलली. देखरेख सरसकट न लादता माणूस पाहून ठरवावी, छापील अटी डोळे मिटून लावू नयेत, आणि एक वर्षानंतर देखरेख लवकर संपवण्याचा जो अधिकार कायद्यात पहिल्यापासून आहे तो वापरावा. म्हणजे १९८४ मध्ये कागदावर असलेला हेतू एकेचाळीस वर्षांनी परत सांगावा लागला. न्यायाधीश तो कितपत ऐकतात हे तेथील खालच्या न्यायालयांतच ठरेल.

आता आपल्याकडे वळू. भारतात शिक्षामाफीचा अधिकार सरकारला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४३२ व्या कलमाने होता; १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७३ व्या कलमात आहे. सरकार शिक्षेचा उरलेला भाग अटींवर माफ करू शकते, आणि अटी मोडल्या तर पोलीस वॉरंटशिवाय त्या माणसाला पकडू शकतात. पण त्याने भोगायचे ते काय? कलमाचे शब्द स्पष्ट आहेत : शिक्षेचा न भोगलेला भाग. आपला कायदा पुष्कळ बाबतींत जुनाट व कठोर आहे, पण या एका बाबतीत त्याची वही चोख आहे. न्यायालयाने दिलेल्या मुदतीच्या पलीकडे एक दिवसही सरकारला वाढवून घेता येत नाही. ही चौकट जपण्यासारखी आहे, आणि कोणी देखरेखीची मुदत शिक्षेला वरून जोडण्याची सूचना सुधारणेच्या गोड नावाने आणली, तर तिला पहिल्याच वाचनाला हटकले पाहिजे.

यंत्राची गोष्ट मात्र दारात आलेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरच्या पोलिसांनी जामिनावर सुटलेल्या एका आरोपीच्या घोट्याला ठावठिकाणा सांगणारे यंत्र बांधले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्रीय गृहमंत्रालयाने राज्यांकडे नमुना कारागृह कायदा पाठवला. त्यातील एक तरतूद अशी, की हालचालींवर लक्ष ठेवणारे यंत्र अंगावर वागवण्यास कैदी तयार असेल तर त्या अटीवर त्याला रजा देता येईल. भंग केल्यास रजा रद्द, आणि पुढे रजेस तो अपात्र. 'तयार असेल तर' हे शब्द तेथे आहेत. बापाच्या तेराव्याला घरी जाण्यासाठी रजा मागणारा कैदी यंत्राला तयार नाही असे म्हणेल, हे कोणाला खरे वाटते? रजेसाठी नातेवाइकाचा जामीन आजवर द्यावा लागत आलाच आहे. आता त्यावर यंत्र. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जामिनाच्या संदर्भात सांगितले, की आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना सतत नजर ठेवता येईल अशी अट खासगीपणाच्या हक्कावर आघात करते. तो निकाल जामिनाचा. शिक्षा झालेल्या, रजेवरच्या कैद्याला त्याचा आधार किती मिळेल, हा वाद पुढे येणारच.

कारागृहे हा राज्यसूचीतील विषय आहे. नमुना कायदा स्वीकारायचा की नाही, कोणत्या स्वरूपात, आणि त्याखालचे नियम कसे करायचे, हे राज्यांच्या विधिमंडळांच्या व गृहखात्यांच्या हाती आहे. तेव्हा या नियमांच्या मसुद्यावर आमदारांमार्फत आणि कैद्यांच्या कुटुंबांमार्फत आताच प्रश्न विचारले पाहिजेत. यंत्राचे भाडे कैद्याकडून घेणार काय? भंग झाला हे कोण ठरवणार, आणि कैद्याचे म्हणणे ऐकल्यावाचून ठरवणार काय? पुढील सर्व रजांवर पाणी सोडायला लावणारा भंग आणि बस चुकल्याने झालेला सहा तासांचा उशीर, या दोहोंना एकच माप लागणार काय? आणि ज्या पाड्यावर रात्रभर वीज नसते, तेथे यंत्राची बॅटरी उतरली तर कैद्याने ती भरायला कोणाच्या घरी जायचे, आणि त्या घराचा पत्ता त्याच्या परवान्यात लिहिलेला असणार काय?